आपोआप लागणारा ब्रेक: खान्देशातल्या रस्त्यांवर कुठे कामाला येतो, कुठे नाही

जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या शोरूममध्ये आज नवी गाडी बघायला गेलात तर सेल्समन दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एक सनरूफ आणि दुसरी एडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा. सनरूफ निदान डोळ्यांना दिसतं. एडासबद्दल मात्र "समोर काही आलं तर गाडी स्वतः ब्रेक मारते" एवढं सांगून तो गाडीच्या रंगांकडे वळतो. खरी चर्चा सुरू होते ती घरी आल्यावर. ओट्यावर बसलेले आबा विचारतात, "गाडी सोताच ब्रेक मारस, मंग डायव्हरनं काय काम शे?"

आबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ड्रायव्हरचं काम होतं तेवढंच राहतं. आपोआप लागणारा ब्रेक फक्त धडकेआधीच्या शेवटच्या दोन-अडीच सेकंदांसाठी असतो. त्या सेकंदांत तो कधी धडक टाळतो, कधी मार निम्म्याहून कमी करतो आणि कधी काहीच करत नाही. यातलं कधी काय होणार, याचा अंदाज गाडी चालवणाऱ्याला आधीच असायला हवा, कारण ऐन वेळी विचार करायला वेळ मिळत नाही. आपल्याकडचे रस्ते, ट्रॉल्या, ऊन आणि धूळ हे सगळं लक्षात घेऊन हा अंदाज कसा बांधायचा, ते या लेखात बघू.

गाडीला समोरचं कसं कळतं

एडास हे अशा अनेक मदतींचं एकत्रित नाव आहे. लेन सुटली तर सावध करणं, पुढच्या गाडीच्या वेगाने आपला वेग राखणं, मागच्या कोपऱ्यात लपलेली गाडी दाखवणं, हे सगळं त्यात येतं. आपोआप ब्रेक हा त्यातला एक भाग आहे. माझ्या मते त्या सगळ्यात खऱ्या अर्थाने पैसे वसूल करणारा तोच.

त्यासाठी बहुतेक गाड्यांत दोन उपकरणं काम करतात. समोरच्या काचेवर, आरशाच्या मागे एक कॅमेरा असतो. पुढच्या बंपरमध्ये, जाळीत किंवा कंपनीच्या लोगोमागे रडार असतं. रडार रेडिओ लहरी सोडतं आणि आदळून परत आलेल्या लहरींवरून समोरची वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतेय, हे मोजतं. हे मोजमाप ते फार अचूक करतं, अंधारातही करतं. पण ती वस्तू बस आहे की लोखंडी कमान, हे त्याला नीट कळत नाही. कॅमेऱ्याचं उलट आहे. हजारो-लाखो चित्रांवरून त्याला गाडी, माणूस, सायकल ओळखायला शिकवलेलं असतं, पण अंतराचा त्याचा अंदाज रडारइतका पक्का नसतो. दोघांची माहिती एकत्र करून गाडीतला संगणक निर्णय घेतो. काही गाड्यांत रडार नसतं, सगळा भार कॅमेऱ्यावर असतो.

संगणक सतत एकच भागाकार करत असतो: मधलं अंतर भागिले जवळ येण्याचा वेग. समजा पारोळ्याच्या पुढे तुम्ही ताशी 80 किलोमीटरने चाललाय आणि समोर 20 च्या वेगाने ट्रॅक्टर चाललाय. म्हणजे तुम्ही त्याच्याकडे ताशी 60 ने, सेकंदाला जवळजवळ 17 मीटरने सरकताय. मध्ये 50 मीटर असतील तर धडकेला तीन सेकंद उरले. हा आकडा साधारण अडीच सेकंदांपर्यंत उतरला की गाडी आवाज करते आणि डॅशबोर्डवर लाल चित्र लावते. तरी तुम्ही काही केलं नाहीत तर ती हलका ब्रेक लावते, आणि आता धडक होणारच असं दिसलं की पूर्ण जोराने दाबते. नेमके किती सेकंद, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

ब्रेकसाठी लागणारा दाब तयार करणारा पंप एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी) आणि ईएससी (वळताना गाडी घसरू न देणारी) यांच्याच यंत्रणेतला असतो. एप्रिल 2019 पासून भारतात नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे हे नवं काम त्या पायावर उभं राहिलं, ब्रेक बदलावे लागले नाहीत. याचा एक अर्थ असाही होतो, की टायर गुळगुळीत असतील किंवा ब्रेक पॅड संपले असतील तर कितीही हुशार संगणक असला तरी तो तेवढ्याच ताकदीने गाडी थांबवू शकतो.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. तुम्ही स्टीअरिंग जोरात वळवलंत किंवा ॲक्सिलरेटर दाबलात तर बहुतेक गाड्या "ड्रायव्हर स्वतः काहीतरी करतोय" असं समजून माघार घेतात. घाबरून चुकीच्या पॅडलवर पाय पडला तर ही मदत मिळेलच असं धरून चालता येत नाही.

वेगाचं गणित

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून आकडे बघू. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर, समोर एक ट्रक उभा आहे आणि धडकेला सव्वा सेकंद उरला असताना गाडीने पूर्ण ब्रेक लावला असं धरा.

तुमचा वेग 60 असेल तर गाडी ट्रकच्या अलीकडे जेमतेम एक मीटरवर थांबते. वेग 80 असेल तर ती थांबत नाही, साधारण 37 च्या वेगाने आदळते. वेग 100 असेल तर तुम्ही 60 च्या आसपास वेगाने आदळता. म्हणजे तीच गाडी, तोच संगणक, तोच ट्रक. फरक फक्त तुमच्या पायाखालच्या वेगाचा.

80 वरून 37 वर आदळणं म्हणजे यंत्रणा फसली, असं कोणाला वाटेल. तसं अजिबात नाही. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. वेग निम्म्यावर आला की ताकद चौथाईवर येते. 37 च्या धडकेत 80 च्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा ताकद उरते. सीटबेल्ट आणि एअरबॅग असलेल्या गाडीतून त्या धडकेनंतर माणसं बहुधा स्वतःच्या पायांनी बाहेर येतात. 80 च्या धडकेबद्दल तसं म्हणता येत नाही. पण 100 वर जाणाऱ्याच्या वाट्याला यंत्रणेने सगळं काही केल्यानंतरही उरते ती 60 च्या वेगाने, ब्रेक न लावता आदळण्याइतकी धडक.

आता यात पाऊस घाला. मृगाच्या पहिल्या सरींनंतर शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सोडत जातात आणि तो पट्टा भयंकर निसरडा होतो. ओल्या रस्त्यावर पकड इतकी कमी होते, की 60 वर जी गाडी कोरड्यात थांबली असती ती आता 35 च्या आसपास वेगाने आदळते. ट्रकमागे राखायचं अंतर पावसाळ्यात दीडपट करा असं जुने ड्रायव्हर सांगतात, त्याला हेच गणित कारण आहे.

याच्या जोडीला माणसाचं गणित ठेवा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. 80 च्या वेगाला तेवढ्यात गाडी 22 ते 33 मीटर पुढे गेलेली असते. मोबाइलकडे नजर असेल तर किती, ते विचारूच नका. संगणकाला हा उशीर होत नाही. शिवाय ब्रेक दाबतानाही बहुतेक माणसं पुरेसा जोर लावत नाहीत, गाडी घसरेल या भीतीने पाय अर्ध्यावर अडखळतो. अशा वेळी यंत्रणा तुमच्या पायाच्या वर आणखी दाब घालते. तुम्ही ब्रेक दाबलाय पण कमी दाबलाय, हे ओळखून केलेली ही मदत मला पूर्ण आपोआप लागणाऱ्या ब्रेकइतकीच मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

जिथे ती खरोखर उपयोगी पडते

पाळधी सोडून गिरणेवरच्या बांभोरीच्या पुलाकडे जळगावला येताना संध्याकाळी जी गर्दी लागते, ती ज्यांनी अनुभवलीय त्यांना पुढचं लगेच पटेल. मावसभाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी. वेग चाळिशीच्या आसपास. पुढची रिक्षा डावीकडे बसथांब्याशी उभ्या बायांना बघून मधेच थांबली, हात नाही, इंडिकेटर नाही. भाऊ उजव्या आरशात बघत होता, मागून बस येतेय का म्हणून. तेवढ्यात तीक्ष्ण आवाज झाला, काचेखाली लाल उजेड चमकला आणि त्याच्या पायाखालचं पॅडल आपोआप खाली गेलं. एबीएसची करकर पायातून जाणवली, सीटबेल्ट छातीवर आवळला, आणि रिक्षाच्या मागचं "आई-वडिलांचा आशीर्वाद" वाचता येईल इतक्या अंतरावर गाडी थांबली. मग ब्रेक सुटला आणि गाडी हळूच पुढे सरकायला लागली, कारण बऱ्याच गाड्यांत थांबवल्यानंतर एक-दोन सेकंदांत ताबा परत ड्रायव्हरकडे येतो. भावाने तेव्हा स्वतः ब्रेक दाबला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: गाडी थांबली म्हणून पाय बाजूला ठेवायचा नाही.

हा प्रसंग यंत्रणेच्या सगळ्यात आवडत्या परिस्थितीचा आहे. उजेड होता, वेग मध्यम होता, समोर त्याच दिशेने चाललेलं, ओळखू येणारं वाहन होतं आणि ड्रायव्हरची नजर क्षणभर दुसरीकडे गेली होती. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गावर आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली असं पुढच्याला मागचा चिकटून जी रांग चालते, तिथेही हाच प्रकार. सुरुवातीच्या काही गाड्यांत ही यंत्रणा अशाच वेगासाठी आली. व्होल्वोने 2008 मध्ये एक्ससी60 गाडीत ती बसवली तेव्हा ती फक्त ताशी 30 किलोमीटरपर्यंत काम करायची. तिथून ती आता महामार्गावरच्या वेगापर्यंत पोचली आहे.

पुढच्या गाडीला मागून धडक बसण्याचे प्रकार या यंत्रणेमुळे जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी चालवलेल्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासांत दिसलं. युरोपात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. अमेरिकेनेही 2024 मध्ये नियम केला, त्याची मुदत सप्टेंबर 2029 ची आहे.

महामार्गावरही फायदा आहे. फागणे किंवा मुकटीसारख्या गावाजवळ पुढची गाडी अचानक मंदावते, तेव्हा दोन्ही गाड्या धावत असतात. जवळ येण्याचा वेग फार नसतो आणि रडारला हलती गाडी स्पष्ट दिसते. ट्रॅक्टरचं वरचं उदाहरण असंच. 80 ने जाणारी गाडी 20 ने चाललेल्या ट्रॅक्टरवर आदळण्यापासून ती दिवसाउजेडी बऱ्याचदा वाचवू शकते, कारण तिला घालवायचा वेग 60 चाच आहे.

आणि जिथे भरवसा ठेवू नये

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या भागातले जीवघेणे अपघात बहुतेक याच यादीत बसतात.

रात्रीची उभी ट्रॉली. शहाद्याकडचा ऊस असो, चोपडा-यावलकडची केळी असो किंवा जिनिंगला निघालेला कापूस असो, हंगामात रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली, दिवा नसलेली ट्रॉली उभी असतेच. ती ओळखताना यंत्रणेला एकाच वेळी तीन अडचणी येतात. पहिली रडारची. जागचे न हलणारे खांब, पाट्या, पूल, कठडे यांच्याकडूनही लहरी परत येतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. म्हणून लांबून दिसणाऱ्या स्थिर वस्तूंना रडार फारसं महत्त्व देत नाही, कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याची वाट बघतं. दुसरी अडचण कॅमेऱ्याची. रात्री तो वाहन ओळखतो ते मुख्यतः मागच्या दोन लाल दिव्यांवरून. दिवेच नसतील तर तुमच्या हेडलाइटच्या उजेडात आकार दिसेपर्यंत त्याला काही कळत नाही, आणि डिपरवर तो उजेड पन्नासेक मीटरच्या आसपासच कामाचा असतो. 80 च्या वेगाला ते दोन-सव्वादोन सेकंद झाले. तिसरी अडचण आकाराची. कॅमेऱ्याला कार, बस, ट्रक यांच्या मागच्या बाजू शिकवलेल्या असतात. दोन्ही बाजूंनी फुगलेला कापसाचा गठ्ठा किंवा मागे चार-पाच फूट लोंबणारा ऊस त्या कशाशीच जुळत नाही.

म्हणून वरचं सव्वा सेकंदाचं गणित रात्रीच्या ट्रॉलीला लावू नका. तिथे गाडी ब्रेक लावेलच, असं धरायचं नाही.

रात्रीचा पायी चालणारा. पायी माणसांना होणाऱ्या धडका या यंत्रणेमुळे सुमारे 27 टक्के कमी होतात, असं त्याच आयआयएचएस संस्थेला 2022 मध्ये आढळलं. पण रस्त्यावर दिवे नसतील तर अंधारात काहीच फरक दिसला नाही. आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर पथदिवे किती आहेत, हे आपण जाणतोच. पहाटे फिरायला निघालेली मंडळी, शेतात पाणी भरायला रात्रीच्या विजेच्या पाळीला चाललेला शेतकरी, सारंगखेड्याच्या यात्रेला पायी निघालेले लोक, यांच्यासाठी गाडीवर विसंबून राहता येत नाही. अप्पर-डिपर आणि कमी वेग हेच खरं साधन.

बाजूने येणारी मोटारसायकल. यंत्रणा समोर बघते. शेतरस्त्यावरून एकदम महामार्गावर चढलेली फटफटी तिच्या नजरेत येईपर्यंत अर्धा-पाऊण सेकंदच उरतो. नव्या आणि महाग गाड्यांत आडव्या वाहतुकीचीही दखल घेतली जाते, पण ती सगळीकडे नाही. आपल्या देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली सुमारे 44 टक्के दुचाकीवर होती आणि सुमारे 19 टक्के पायी चालणारी. म्हणून गाडी घेताना माझा पहिला प्रश्न असतो, ही यंत्रणा दुचाकी आणि माणूस ओळखते का? काही स्वस्त आवृत्त्या फक्त मोटारी ओळखतात.

समोरून येणारी बस. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, जिथे अजून दोनच पट्टे आहेत, तिथे ओव्हरटेक करणारी बस अंगावर आली तर दोघांचा मिळून वेग 140-150 होतो. एवढ्या वेगात आपोआप ब्रेकने फार तर थोडा मार कमी होईल. अनेक गाड्यांत समोरासमोरच्या धडकेचा विचारच केलेला नसतो.

जनावरं. सातपुड्याच्या पायथ्याला रानडुक्कर आणि रोही (नीलगाय), माळावर मेंढरांचा कळप, गावात रस्त्यातच बसलेल्या गाई. थोड्या गाड्यांना मोठी जनावरं ओळखायला शिकवलंय. बाकीच्यांना नाही. एखादे वेळी गाडी गाईसाठी थांबलीही असेल, पण त्यावर विसंबता येत नाही.

घाट. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना प्रत्येक वळणावर गाडीचं तोंड क्षणभर कठड्याकडे किंवा समोरच्या ट्रककडे असतं. यंत्रणा कधी उगाच ओरडते, तर वळणापलीकडे उभा असलेला ट्रक तिला उशिरा दिसतो.

आणि ब्रेकच निकामी असतील तर अर्थातच काहीही उपयोग नाही. जुलै 2023 मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला अवजड ट्रक वाहनांना उडवत हॉटेलात घुसला आणि कित्येक जीव गेले, ते आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. तिथे गरज होती ती उतारावर ट्रकचे ब्रेक शाबूत असण्याची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये बस आणि ट्रकसाठी आपोआप ब्रेक सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. युरोपात नव्या अवजड वाहनांना तो 2015 पासूनच लागतो. मला हे पाऊल फार गरजेचं वाटतं, कारण भरलेला ट्रक समोरच्या मोटारीत घुसतो तेव्हा मोटारीतल्या कुठल्याच तंत्रज्ञानाने फारसा फरक पडत नाही. पण त्याच्या आधी ब्रेकची तपासणी, जादा भार आणि ड्रायव्हरची झोप हे तीन प्रश्न आहेत.

ऊन, धूळ आणि लिंबू-मिरची

नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत आपला महामार्ग क्रमांक 53 जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम जातो. त्यामुळे सकाळी जळगावहून भुसावळकडे निघालात किंवा संध्याकाळी जळगावहून धुळ्याकडे, की सूर्य थेट समोरच्या काचेत असतो. तुम्ही डोळ्यांवर हात धरता, कॅमेऱ्याला ती सोय नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासात त्याला समोरची गाडी उशिरा दिसू शकते, किंवा "कॅमेरा काम करत नाही" असा संदेश येऊ शकतो.

मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वर जातो. बंद गाडी उन्हात उभी राहिली की काचेजवळचा कॅमेरा त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि काही गाड्यांत तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. एसीचा झोत काचेकडे सोडून गाडी थंड होऊ दिली की पुन्हा सुरू होतो. तोवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा दिसत राहतो. हा बिघाड नाही, पण त्या वेळात मदत मिळणार नाही हे धरून गाडी चालवायची. हिवाळ्यात तापीकाठच्या धुक्यातही कॅमेरा आंधळा होतो आणि पावसाळ्यात बंपरवर बसलेला चिखल रडारला झाकतो.

आणखी एक छोटी गोष्ट. नव्या गाडीच्या पूजेला आपण पुढच्या जाळीवर झेंडूचा भरगच्च हार घालतो आणि नंतर लिंबू-मिरची बांधतो. हार-लिंबू जरूर घाला, पण रडार कुठे आहे ते सर्व्हिस सेंटरला विचारून त्याच्यासमोर नको. तिथे काळ्या गुळगुळीत प्लास्टिकचं चौकोनी झाकण असतं, किंवा लोगोच त्याचं झाकण असतो. पुढे लोखंडी गार्ड बसवण्याची हौसही सोडून द्या. ते मोटार वाहन कायद्याला धरून नाहीच, आणि रडारच्या वाटेत येतं ते वेगळंच. काचेला वरच्या बाजूला काळी पट्टी किंवा स्टिकर लावताना कॅमेऱ्यासमोरची जागा मोकळी ठेवा.

उगाच ब्रेक लागतो म्हणून बंद करावं का?

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांच्यापैकी बरेच जण हेच विचारतात. दोन फुटांवरून दुचाकी आडवी घुसते, गाडी दचकते, मागचा हॉर्न मारतो, घरातले घाबरतात. मग मेनूत जाऊन कोणीतरी ते बंद करतं.

शेतातल्या राखणदार कुत्र्याचं जसं असतं, तसंच हे आहे. पान हललं तरी भुंकणारा कुत्रा मालक बांधून ठेवतो, आणि चोर आला तरी न भुंकणारा कामाचा नाही. यंत्रणा बनवणाऱ्यांना या दोन टोकांमध्ये कुठेतरी सीमा ठरवावी लागते, आणि ती अनेकदा परदेशातल्या शिस्तीच्या रहदारीवरून ठरलेली असते. भारतात विकणाऱ्या कंपन्यांनी आता इथल्या रहदारीसाठी ती बदलायला सुरुवात केलीय, तरी गाडीगणिक फरक आहेच.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: बंद करू नका, सेटिंग बदला. बहुतेक गाड्यांत इशारा लवकर, मध्यम किंवा उशिरा असा पर्याय असतो. शहरात तो "उशिरा"वर ठेवला की उगाचचं ओरडणं बरंच कमी होतं आणि शेवटचा ब्रेक तरीही शाबूत राहतो. लेन राखणारं स्टीअरिंग आपल्या पट्टे पुसलेल्या रस्त्यांवर त्रासदायक वाटत असेल तर ते वेगळं बंद करता येतं. दोन्हींची बटणं वेगळी असतात. अनेक जण लेनच्या त्रासापायी सगळंच बंद करून टाकतात, हे फार वाईट.

मागून येणाऱ्याची भीती मात्र खरी आहे. तुमची गाडी झटकन थांबेल, पण मागे चिकटून आलेला पिकअप थांबेलच असं नाही. आरशात कोणी फार जवळ दिसला तर हलका ब्रेक दाबून मागचे दिवे दाखवा आणि त्याला पुढे जाऊ द्या. तुमच्या पुढे तुम्ही जितकं जास्त अंतर ठेवाल, तितकी अचानक ब्रेक लागण्याची वेळ कमी येईल.

घेताना आणि सांभाळताना

भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीचे पाच स्टार म्हणजे आपोआप ब्रेक आलाच, असं समजू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीत ईएससी आणि सीटबेल्टचा इशारा लागतो, पण आपोआप ब्रेकची अट स्टारसाठी घातलेली नव्हती. बहुतेक गाड्यांत तो वरच्या आवृत्तीतच मिळतो. बजेट तोकडं असेल तर आधी सहा एअरबॅग, ईएससी आणि चांगले टायर बघा, मग हा. सनरूफ आणि आपोआप ब्रेक यांतून एकच घेता येत असेल तर सनरूफ सोडा.

शोरूममध्ये विचारा: किती वेगापासून किती वेगापर्यंत काम करतो? माणूस, सायकल, दुचाकी ओळखतो का? रात्री? रडार आहे की नुसता कॅमेरा? सेल्समनला माहीत नसेल तर गाडीचं मॅन्युअल मागा, त्यात हे सगळं छापलेलं असतं. स्वतः खोकं किंवा माणूस समोर उभा करून तपासायला जाऊ नका. खोकं कदाचित तिला गाडी वाटणार नाही आणि माणूस हा प्रयोगाचा विषय नाही.

समोरची काच फुटून बदलली किंवा पुढचा बंपर उघडला तर कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचा नेम पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. कॅमेरा अंशभर जरी तिरका बसला तरी लांबच्या गाडीची जागा चुकते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये काच स्वस्तात बसते, पण हे काम तिथे होत नाही. विम्याच्या दाव्यात त्याचा खर्च धरलाय का, ते बिल करतानाच बघा. सर्व्हिसला गाडी दिली की काच आतून, आरशामागेही पुसून घ्या. आपल्या धुळीत आतूनही थर बसतो.

शेवटचं ट्रॅक्टरवाल्यांसाठी, कारण हा लेख वाचणाऱ्यांच्या घरी कारपेक्षा ट्रॅक्टर असण्याची शक्यता जास्त. मागून येणाऱ्या गाडीतला कॅमेरा रात्री दोन लाल दिवे शोधत असतो. ट्रॉलीला दिवे असतात, पण ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंतची वायर पहिल्याच हंगामात तुटते आणि मग वर्षानुवर्षं तशीच लोंबत राहते. गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून ती वायर, पिन आणि मागचे दोन दिवे हंगामाआधी दुरुस्त करून घ्या. मागच्या फळीवर दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा, ऊस किंवा कापूस लादल्यावर ती झाकली जाणार नाही अशा उंचीवर. गळीत हंगामात कारखाने आणि आरटीओ अशा पट्ट्या लावून देतात, तेव्हा ट्रॉली रांगेत घेऊन जा. रस्त्यात बंद पडलात तर ट्रॉली डांबरावरून खाली घ्या. ती निघत नसेल तर मागे पन्नास-शंभर पावलांवर त्रिकोण ठेवा, आणि एक माणूस हातात टॉर्च देऊन रस्त्याच्या कडेला, डांबराच्या बाहेर उभा करा.